गोमुखीतली नाडी

मंडळी, ऐका. आज सुरुवातीलाच एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढे. उत्तराची घाई करायची नाही. ओठांवर देवाचं नाव आहे, हातात माळ आहे, मणी एकामागून एक सरकतायत — पण आत मनात सारखी भीती बसलेली आहे. तर मला सांगा, तो जप कुणाचा झाला? देवाचा, की भीतीचा?

थांबा हो आजोबा! लगेच "देवाचा" म्हणून मोकळे झालात. घाई करू नका म्हटलं ना? घरी जाऊन बातम्याच बघायच्या आहेत, त्या काही पळून जात नाहीत.

आणि गोष्टीआधी एक सांगून ठेवतो, नाहीतर उद्या माझ्या नावानं बोंब व्हायची. छातीत काही वेगळं वाटलं तर पहिल्यांदा डॉक्टरकडे जायचं. हरिदासाकडे यायचं नाही. हरिदासाला चिपळ्या कळतात, नाडी कळत नाही. डॉक्टरांनी तपासलं, "काही नाही, घरी जा" म्हणाले — आणि तरीही जीव घाबरत राहिला, तर मग या माझ्याकडे. आजची गोष्ट त्या माणसांची आहे.

माझ्या आजोळची गोष्ट आहे ही. आसरवाडी गावाचं नाव. पन्नासएक वर्षं झाली असतील. गावात एस.टी. दिवसातून दोनदाच यायची, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सकाळच्या गाडीनं पाहुणे यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे आणि ज्यांची गाडी चुकायची ते मुक्कामाला राहायचे. आमच्या गावात पाहुण्यांच्या गाड्या फार चुकायच्या. कारण गाडीची वेळ झाली की घरची माणसं मुद्दाम चहाचं आधण ठेवायची! आता कुणाची गाडी चुकत नाही. स्वतःच्या गाडीनं येतात, चपला न काढता जातात. बरं चाललंय सगळं, माझी तक्रार नाही. पण तो चहा आठवतो.

संध्याकाळी दारोदार बायका कंदील पुसायला बसायच्या. चिमूटभर राख, एक फडकं, आणि गप्पा. काच पुसून लख्ख व्हायची तोवर गावातल्या सगळ्या बातम्या पुसून व्हायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोटात काय दुखतंय — सगळं बाहेर यायचं. माणूस आपलं दुखणं बोलून मोकळा व्हायचा. पण तेव्हाही एक बाई अशी होती की तिनं आपलं दुखणं कुणाला सांगितलं नाही. तिची ही गोष्ट.

नाव मथुरा. सगळं गाव मथुराकाकू म्हणायचं. यजमान वामनराव, गावचे पोस्टमास्तर. एकुलती एक लेक, कुमुद. ती नदीपलीकडच्या चिंचणीला दिलेली. आणि गंमत ऐका, कुमुदच्या सासूचं नाव द्वारकाबाई. गावात थट्टा चालायची की कृष्णानं जे केलं तेच पोस्टमास्तरांनी केलं, मथुरा सोडली आणि द्वारका जोडली.

हसलात ना? आता जरा इकडे लक्ष द्या.

मथुराकाकू कशी होती? अंगानं शेलाटी, चालणं लगबगीचं, आणि आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर पोस्टात वामनरावांच्या हातातला शिक्का थांबायचा. माहेरी असताना तिची फुगडी पंचक्रोशीत प्रसिद्ध. श्रावणात देवळापुढच्या पटांगणात पोरी जमायच्या आणि मथुरेशी फुगडी घालायला पोरी घाबरायच्या, कारण ही थांबायचीच नाही. समोरची ओरडायची, "सोड गं, चक्कर येतेय," आणि ही हसत हसत आणखी जोरात. मग दोघी धुळीत बसायच्या. छाती धपापतेय, कानांत ठोके वाजतायत, केस सुटलेत, आणि हसू थांबत नाही. असे दिवस असतात हो माणसाचे. तेव्हा कळत नाही की हे दिवस आहेत.

तर अशी ही बाई. पंचेचाळिशी उलटली. आणि एका वर्षी तिचा थोरला भाऊ, श्रीपतीदादा, गेला. आजार नाही, पाजार नाही. जेवायला पाटावर बसला, पहिला घास घेतला, आणि बसल्या जागी कलंडला. "हृदय बंद पडलं," एवढंच सगळ्यांनी सांगितलं. ज्या भावानं तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, तो असा गेला. रडायलासुद्धा वेळ दिला नाही त्यानं. मथुराकाकू दिवसकार्य उरकून घरी आली, कामाला लागली. लोक म्हणाले, धीराची बाई.

आणि एका दुपारी ती तांदूळ निवडत बसलेली असताना छातीत काहीतरी झालं. एक ठोका चुकल्यासारखा वाटला. आत क्षणभर सगळं थांबलं, आणि मग धाडकन एक मोठा ठोका, आणि त्यामागून धडधड, धडधड. तळव्यांना घाम. घसा कोरडा. सूप तसंच मांडीवर. तिला वाटलं, आलं. दादाला आलं तेच मला आलं.

पण आलं आणि गेलं. थोड्या वेळानं सगळं शांत. तिनं तांदूळ निवडून संपवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग चार दिवस काही नाही. मग एकाच दिवसात दोनदा.

आता वामनराव सज्जन माणूस. बायको पांढरीफटक पडलेली बघितली आणि सकाळच्या गाडीनं थेट तालुक्याला घेऊन गेले. तिथले डॉक्टर मोठे शांत गृहस्थ. त्यांनी नळी लावून ऐकलं, छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, रक्त तपासलं. दुपारी दोघांना समोर बसवून म्हणाले, "बाई, तुमचं हृदय उत्तम आहे. ही जी धडधड होते ना, ती खरी आहे, तुमच्या मनाचा खेळ नाही. पण ती अपायकारक नाही. एखादा ठोका पुढेमागे होतो, तो सगळ्यांचाच होतो, तुम्हाला तो जाणवतो. या वयात बायकांना जास्त जाणवतो. त्यातून भाऊ गेल्याचा धसका. चहा कमी करा, झोप पुरी घ्या. विहिरीचं पाणी ओढा, जिना चढा, काहीही करा. ती आली तर येऊ द्या. ती आली म्हणून हातातलं काम टाकू नका. आणि हो, सारखी नाडी बघत बसू नका."

बघा, किती चांगलं सांगितलं होतं! सगळं औषध त्यातच होतं. पण मंडळी, आपण डॉक्टरांचं काय ऐकतो? "चहा कमी करा" एवढंच ऐकतो आणि तेवढंच पाळत नाही.

मथुराकाकूनं यातलं एकच वाक्य घरी आणलं. नाडी. तोवर तिला ठाऊकच नव्हतं की मनगटावर बोट ठेवलं की ठोके कळतात. डॉक्टरांनी तपासताना बघितलं, आणि ती शिकली. गाडीतच पदराखाली तिची बोटं मनगटावर गेली. लागतेय? लागतेय. नीट आहे? आहे. पुन्हा बघू? बघितलं. आणि मग काय विचारता! भाजी चिरताना एकदा, पाणी भरताना एकदा, रांगोळी काढताना हात थांबवून एकदा. शेजारीण बोलतेय आणि हिचं लक्ष मनगटात. आणि गंमत अशी की जितकं बघावं तितकं जास्त धडधडावं. पाहुण्याला सारखं "कधी आलात, कधी आलात" विचारलं तर तो मुक्कामच ठोकणार, नाही का?

तुम्ही हसताय. तुमच्या मनगटांवर ती नवी घड्याळं आहेत ना, ठोके मोजणारी? इथून दिसतायत मला, अंधारात हिरवी चमकतायत. मथुराकाकू तुमच्या आधी पन्नास वर्षं त्या वाटेनं जाऊन आली.

पण अडचण ही की चारचौघांत मनगट धरून किती वेळ बसणार? लोक विचारणार. आणि तिला सांगायचं नव्हतं. लाज वाटायची. डॉक्टर म्हणाले काही नाही, मग आता काय सांगायचं? लोक म्हणतील ढोंग करते. तेव्हा तिनं काय करावं? देवघरातली गोमुखी काढली.

गोमुखी ठाऊक आहे ना? तरुण मंडळींसाठी सांगतो. जपाची कापडी पिशवी. माळ आत, हात आत. मणी ओढलेले कुणाला दिसू नयेत म्हणून. आजेसासूबाईंची होती ती, लाल लोकरी धाबळीची. मथुराकाकू ओसरीवर बसायची, उजवा हात गोमुखीत, आणि डावा हात पदराखालून त्या उजव्या मनगटावर. बाहेरून दिसायचं, बाई जपाला बसली. ओठ हलतायत, "श्रीराम जय राम." सुरुवातीला खरंच नाम होतं हो. तिनं देवाचा धावाच केला होता. पण हळूहळू काय झालं? एक ठोका, एक मणी. एक ठोका, एक मणी. ठोका जलद झाला की मणी जलद. ठोका चुकला की बोट मण्यावर थबकायचं आणि जीव कंठाशी यायचा. ओठ हलायचे, पण त्यांवर नाव राहिलं नाही. मेरुमणी यायचा, माळ फिरायची, आणि बाई दिवसभर बसून स्वतःच्या हृदयाचा हिशोब करायची.

आणि गाव काय म्हणालं असेल? सांगा की! गाव म्हणालं, "भाऊ गेला आणि मथुराकाकूला वैराग्य आलं." बायका मुलांना सांगायच्या, "काकू जपाला बसल्यात, गलका करू नका." एकदोन म्हाताऱ्या तर येऊन पाया पडून गेल्या! वामनराव पोस्टात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरात आता साधना चालते." बिचारे स्वतः चहा करून प्यायला लागले, आणि त्यातही त्यांना धन्य वाटायचं. सगळ्यांनी नमस्कार केला, म्हणून कुणी विचारपूस केली नाही. जिच्या पाया पडतात त्या बाईला "तुझं काय दुखतंय" असं कोण विचारणार?

अशात चिंचणीहून निरोप आला. कुमुदला दिवस गेलेत.

आता इथे जरा थांबतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. का आहे ही रीत? ज्या पोरीला आजवर कुणी आई म्हटलं नाही, तिला आई व्हायच्या वेळी आपली आई जवळ हवी असते. बस्, एवढंच कारण आहे. मथुराकाकूला स्वतःचं आठवलं. सातव्या महिन्यात तिची आई बैलगाडी घेऊन न्यायला आली होती. गाडीत गवत, गवतावर गोधडी, गोधडीवर उशी. वाटेत ओढा लागला की आई खाली उतरायची आणि गाडीच्या चाकाला हात लावून चालायची, जणू हिसका तीच झेलणार होती. घरी पोचल्यावर अंधारी खोली, शेगडीची ऊब, ओव्याची धुरी, डिंकाच्या लाडवाचा वास. कुमुद झाली तेव्हा आईनं तिच्या पायांवर हात फिरवत म्हटलं होतं, "झालं हं बाळा, झालं." कुणी "बाळा" म्हणणारं आता उरलं नव्हतं. आई गेली, दादाही गेला.

आणि कुमुदनं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, आई, न्यायला कधी येशील?

मथुराकाकूनं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. बाळंतीण घरात. अचानक वेळ आली आणि आपल्यालाच काही झालं तर? लेकीच्या उशाशी आपणच कलंडलो तर? पोर कुणाकडे बघेल? छाती धडधडायला लागली, बोटं मनगटावर गेली. आणि तिनं निर्णय घेतला. कुमुदला आणायचं नाही.

पण कारण काय सांगणार? कारण तयारच होतं — गोमुखीत! वामनरावांना म्हणाली, "अहो, माझा जपाचा संकल्प चाललाय. घरात बाळंतपण म्हणजे सोयर आलं. दहा दिवस देवाला शिवायचं नाही, जप मोडणार. कुमुदचं तिथेच होऊ दे."

वामनरावांना लेकीची फार ओढ. त्यांनी पाळणासुद्धा माळ्यावरून खाली काढून ठेवला होता. पण संकल्पापुढे काय बोलणार? "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले, आणि पाळणा पुन्हा माळ्यावर चढवायला गेले. शिडीवर उभं राहून त्यांनी डोळे पुसले ते मथुराकाकूनं खालून पाहिलं.

मंडळी, भीती मोठी चलाख असते. ती कधी "मी भीती आहे" म्हणून समोर येत नाही. ती शहाणपणाचं उपरणं पांघरून येते, जबाबदारीचं पागोटं घालून येते. आणि फारच चलाख असली तर देवाचं नाव कपाळाला लावून येते. मग तिला नाही कोण म्हणणार?

डोहाळजेवणाला मात्र जायलाच हवं होतं. दोघं चिंचणीला गेले. द्वारकाबाईंचं घर माणसांनी भरलेलं. अंगणात झोपाळा फुलांनी मढवलेला. कुमुद हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांचे दागिने घालून बसलेली. आईला बघून तिचा चेहरा असा काही फुलला की मथुराकाकूनं नजर खाली केली. ओटी भरली, दोन झाकल्या वाट्यांतली एक उचलायला लावली, तर कुमुदनं बर्फीची उचलली. बायका म्हणाल्या, मुलगी होणार. पंगत उठली.

मग माजघरात विहिणी एकट्या बसल्या. द्वारकाबाई अंगानं भारदस्त, बोलणं सडेतोड, पण मनानं निर्मळ बाई. त्यांनी विचारलं, "मग विहीणबाई, कधी नेताय आमच्या सुनेला?"

मथुराकाकूनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. संकल्प, सोयर, जप.

द्वारकाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. म्हणाल्या, "आमच्याकडे काही जड नाही ती. लेकीसारखं करीन मी तिचं. पण विहीणबाई, पोर रोज दिवस मोजतेय हो माहेरी जायचे." मग जरा थांबून, "असो. जपाच्या आड मी कशाला येऊ?"

आणि दारात कुमुद उभी होती. तिनं ऐकलं होतं सगळं. ती आत आली, आईजवळ बसली, हळू आवाजात म्हणाली, "आई, तुझा जप मोडू नकोस. मी राहीन इथं. सासूबाई करतील माझं."

रागावली असती तर बरं झालं असतं. रुसली असती, तरी बरं झालं असतं. पण पोरीनं समजून घेतलं, आणि ते मथुराकाकूच्या वर्मी लागलं. सांगावं वाटलं, बाळा, जप नाही गं हा. पण छाती धडधडायला लागली. हात आपोआप मनगटाकडे निघाला.

एवढ्यात अंगणातून बायकांचा गलका आला. "विहिणींची फुगडी! विहिणींची फुगडी!"

आता ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. डोहाळजेवण म्हटलं की विहिणींची फुगडी व्हायलाच हवी. आणि फुगडीला नाही म्हणणं म्हणजे विहिणीचा अपमान. चारचौघींत मान खाली. त्यातून आत्ताच एक "नाही" सांगून झालेलं! दुसरं "नाही" सांगितलं तर लेकीनं त्या घरात तोंड कसं दाखवायचं? मथुराकाकूनं कुमुदकडे पाहिलं. कुमुद म्हणत होती, "राहू दे आई, तुला बरं नसेल तर." आणि मथुराकाकूच्या मनात आलं, मरायचंच असेल तर मेले. पण आता लेकीला आणखी एकदा खाली मान घालायला लावायची नाही.

उठली. अंगणात गेली. पदर खोचला.

द्वारकाबाई समोर आल्या. पायांना पाय जुळवले, हात पुढे केले. आता बघा हं मंडळी, नीट बघा. फुगडीत हात कसे असतात? उजव्यात उजवा, डाव्यात डावा, कातरीसारखे, घट्ट. म्हणजे काय झालं? किती महिन्यांनी पहिल्यांदा मथुराकाकूचे दोन्ही हात दुसऱ्याच्या हातात गेले. मनगट धरायला तिच्याकडे हातच उरला नाही!

फुगडी सुरू झाली. आधी सावकाश, द्वारकाबाईंना तिच्या वजनाचा अंदाज येईपर्यंत. मग जरा जलद. बायका टाळ्या वाजवतायत. छाती धडधडतेय. तिला कळतंय धडधडतेय, पण बघणार कशी? हात सोडला तर विहीण उताणी पडेल! विहिणीला पाडायचं, की नाडी बघायची? आणि मग अंगाला आपली जुनी सवय आठवली. टाचा घट्ट, मान मागे, पाठ मागे, सगळा भार समोरच्यावर टाकायचा आणि समोरच्याचा आपण घ्यायचा. अंगण फिरायला लागलं. झोपाळा फिरला, फुलं फिरली, कुमुदची हिरवी साडी फिरली. बायकांचे चेहरे एकमेकांत मिसळले. मथुराकाकूला वाटलं, आपण देवळापुढच्या पटांगणात आहोत. आता ओट्यावरून दादा ओरडेल, "मथे, बास, पडशील." आणि आपण ऐकणार नाही.

आणि ती हसायला लागली. कित्येक महिन्यांत हसली नव्हती ती बाई. "सोडा हो विहीणबाई, चक्कर येतेय," द्वारकाबाई ओरडल्या. आणि आमची मथुराकाकू? हसत हसत आणखी जोरात!

शेवटी दोघी अंगणात मटकन बसल्या. दोघींचे केस सुटलेले. दोघींच्या छात्या भात्यासारख्या हलतायत. मथुराकाकूच्या कानांत ठोके वाजतायत, इतके जोरात की तांदूळ निवडताना कधी वाजले नव्हते. आणि ती वाट बघत बसली. आता होईल. आता कलंडेन. शेजारी द्वारकाबाईंनी छातीवर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, "अगं बाई, काळीज बघा कसं उड्या मारतंय. लहानपणी असंच व्हायचं, नाही का हो?"

लहानपणी असंच व्हायचं!

मथुराकाकूनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. खरंच की. हीच धडधड. पटांगणात धुळीत बसल्यावर वाजायची ती हीच. घामसुद्धा हाच, कोरडा घसाही हाच. तेव्हा हिला आपण काय म्हणत होतो? मजा म्हणत होतो. आणि आता तांदूळ निवडताना आली म्हणून तिला मरण म्हणत बसलो. ठोके तेच होते, त्यांना आपण ठेवलेलं नाव बदललं होतं.

ती बसून राहिली. मनगटाला हात लावला नाही. आणि कुणी न मोजता, कुणी न सांभाळता, तिचं काळीज आपलं आपण हळूहळू शांत झालं.

तेव्हा तिला रडू आलं. किती रडली! दादा गेला तेव्हाचं रडणं तुंबलं होतं, ते सगळं त्या अंगणात आलं. कुमुद धावत आली. द्वारकाबाईंनी बायकांना हातानं लांब केलं. आणि मथुराकाकू म्हणाली, "विहीणबाई, मी खोटं बोलले. जप नव्हता हो तो. गोमुखीत हात घालून मी माझी नाडी मोजत होते. दादासारखी मी पण जाईन असं वाटायचं. कुमुदच्या उशाशीच मेले तर पोर घाबरेल, म्हणून तिला नको म्हटलं."

कुमुदनं आईला मिठी मारली. आणि द्वारकाबाई? एवढी सडेतोड बाई, पण जराशा हळव्या झाल्या. म्हणाल्या, "मला सांगायचं नाही का? थोरला फौजेत गेला त्या वर्षी माझं रोज असंच व्हायचं. दाराशी तारवाल्याची सायकल वाजली की काळीज तोंडात. मला वाटायचं, हे माझ्या एकटीलाच होतंय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता सांगा, नेताय ना हिला?"

"आत्ता नेते," मथुराकाकू म्हणाली. "गाडी कधीची आहे?"

"ती चुकणार आहे," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी चहा टाकतेय."

दुसऱ्या दिवशी कुमुद माहेरी आली. वामनराव शिडी घेऊन पुन्हा माळ्यावर चढले. खालून मथुराकाकू म्हणाली, "जपून उतरवा, दोरी जुनी झालीय." एवढंच. पण पोस्टमास्तर दिवसभर शीळ घालत शिक्के मारत होते.

आता तुम्ही विचाराल, मग महाराज, ती धडधड कायमची गेली का? तुम्हाला काय, गोष्टीत सगळं गेलेलंच हवं असतं! नाही गेली. येत होती. मेतकूट दळताना आली, दुपटी शिवताना आली. मथुराकाकू तिला म्हणायची, "आलीस? बस तिथं पाटावर. मला दुपटं पुरं करायचंय." आणि शिवत राहायची. ती थोडा वेळ बसायची आणि कंटाळून निघून जायची. कधी भीती वाटायचीही. पण आता ती कुमुदला सांगायची, "जरा धडधडतंय गं," आणि कुमुद म्हणायची, "माझं बाळही आत धडधडतंय, दोघी मिळून बसू." सकाळी आंघोळ करून काकू जपाला बसायची. माळ उघड्या हातात, गोमुखीशिवाय. थोडाच वेळ, पण नाम नामासारखं.

आणि दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या. नर्सबाईंना बोलावणं गेलं. कुमुदनं आईचे दोन्ही हात धरले, घट्ट, नखं रुतेपर्यंत. मथुराकाकूच्या छातीत ठोका चुकला, आणि धडधड सुरू झाली. तिला कळलं. तिनं त्या धडधडीकडे बघितलं नाही. तिनं लेकीकडे बघितलं. ज्या क्षणाला ती इतके महिने भ्याली होती तोच हा क्षण होता, आणि ती त्यात उभी होती. दुपारी मुलगी झाली. मथुराकाकूनं कुमुदच्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "झालं हं बाळा, झालं."

मंडळी, तुमच्यापैकी काहींचे डोळे ओले झालेत. होऊ द्या. माझेही होतात इथं, आणि पेटीवाल्यांचेही. ते दर वेळी इथं आले की उगाच पेटीवर वाकून स्वर शोधतात.

तर आता माझा प्रश्न. तो जप कुणाचा होता? कळलं ना? पण मथुराकाकूला हसून घरी जायचं नाही. तुम्ही सांगा, तुम्ही दिवसभर कुणाचा जप करता? उठल्यापासून "काय होईल, काय होईल" — ही माळ कोण ओढतंय? मुलाचा फोन आला नाही, ओढ मणी. अंगात जरा कणकण आली, ओढ मणी. इथं बसून कीर्तन ऐकताय, आणि पदराखाली, खिशात, मनात एक बोट मनगटावर आहेच! आणि ज्या हृदयाची एवढी काळजी करताय, ते आईच्या पोटात सुरू झालं तेव्हा तुम्ही कुठे होतात? तेव्हा कुणी मोजत होतं का? ज्यानं सुरू केलं तो बघेल. तुमच्याकडे दुसरी कामं आहेत. कुणाचा तरी हात धरायचाय तुम्हाला. घरी कुणीतरी वाट बघतंय, की तुम्ही न्यायला कधी येणार.

म्हणून आता शेवटचं नाम मोठ्यानं घ्यायचं, आणि टाळी वाजवायची. नुसते ओठ हलवायचे नाहीत. ते घड्याळवाले, तुम्ही पण! टाळीला दोन्ही हात लागतात, मंडळी. चला, सोडा ते मनगट.